एकोणिसाव्या शतकातला प्रवास आणि मालवाहतूक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

घराण्याचा इतिहास शोधणारे, कथा-कादंबरी लिहिणारे, शाळेत इतिहास शिकवणारे आणि निव्वळ कुतूहलापोटी विचारणारे अशा चार तऱ्हांच्या वाचकांकडून जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. भर मुंबई, कोकण आणि देशावर आहे. विदर्भ, गोवा आणि परदेश गरजेपुरते आले आहेत. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. रेल्वे नव्हती तेव्हा पुण्याहून मुंबईला लोक कसे जायचे? किती दिवस लागायचे?

बहुतेक जण पायी जायचे. ऐपत असेल तर तट्टू, त्याहून जास्त असेल तर पालखी किंवा मेणा. वाट वडगाव, खंडाळा, बोरघाट, खोपोली, चौक अशी पनवेलपर्यंत जाई आणि तिथे जमिनीवरचा प्रवास संपे. पुढे खाडीतून होडीने मुंबई. पनवेल हे आज महामार्गावरचे शहर वाटते, पण त्या काळी ते देशावरच्या मालाचे बंदर होते. भरती आल्याशिवाय होडी हलत नसे, म्हणून पनवेलला पोचूनही कित्येक तास धक्क्यावर काढावे लागत.

चालणारा धडधाकट माणूस दिवसाला सात-आठ कोसांची मजल मारी. पुणे ते पनवेल सुमारे १२० किलोमीटर. म्हणजे चार-पाच दिवस आणि वर होडीचा वेळ. सोबत बायका-मुले, म्हातारी माणसे असली तर आठवडा धरावा.

बोरघाट तेव्हाही एकसारखा नव्हता. १८०४ मध्ये जनरल वेलस्लीने तोफा नेता याव्यात म्हणून वाट सुधारून घेतली. चाकांच्या गाड्यांसाठी बांधलेला रस्ता मात्र १० नोव्हेंबर १८३० रोजी गव्हर्नर सर जॉन माल्कम यांनी खुला केला. तुमच्या गोष्टीतला माणूस १८२५ साली घोडागाडीत बसून बोरघाट उतरत असेल, तर त्याला आधी गाडीतून उतरवा.

२. बैलगाडी तर प्राचीन आहे. मग माल बैलांच्या पाठीवर का लादायचे?

कारण गाडी होती, पण गाडीवाट नव्हती. सह्याद्रीतल्या बहुतेक घाटांत पायवाटेपेक्षा फारसे काही नव्हते. नाणेघाट, कुंभार्ली, वरंधा, अणुस्कुरा, फोंडा या वाटांनी शतकानुशतके माल चढला-उतरला तो पाठीवरूनच. देशावर सपाटी होती, पण काळ्या मातीत पहिला पाऊस पडला की चाक रुतून बसे.

शिवाय जुनी गाडीही बोजड होती. भरीव लाकडी चाके, जाडजूड सांगाडा, ओढायला बैलांच्या जोड्यांमागून जोड्या. १८३० च्या दशकात लेफ्टनंट गेसफर्ड या अधिकाऱ्याने सोलापूर भागात टेंभुर्णीला आऱ्यांच्या चाकांची हलकी गाडी तयार करायला सुरुवात केली. एक जोडी ती आरामात ओढत असे. सुतार-लोहारांनी तो नमुना उचलला आणि पुढच्या दोन-तीन दशकांत, रस्ते सुधारत गेले तशी, ती गाडी सगळीकडे पसरली. आपण जिला ‘परंपरागत बैलगाडी’ समजतो, ती देशावरच्या बऱ्याच भागांत फार तर आगगाडीच्या एक पिढी आधीची आहे. इतिहासाच्या पुस्तकात गेसफर्डला जागा मिळत नाही, याचे मला नेहमी आश्चर्य वाटते.

पाठीवरच्या वाहतुकीचा आणखी एक फायदा होता. बैल वाटेत चरत चालतो. माल पोचवण्याची घाई नसेल तर चाऱ्याचा खर्च जवळजवळ शून्य.

३. लमाणांचे तांडे नेमके काय वाहायचे? ते कुठे गेले?

मुख्यतः मीठ आणि धान्य. पेण, उरण, पनवेलकडच्या मिठागरांतले मीठ घाटावर जाई. सोबत नारळ, सुपारी, सुकी मासळी. उलट दिशेने धान्य, गूळ, कापूस उतरे. बैलाच्या पाठीवर दोन्ही बाजूंना गोणी लोंबत. एका बैलावर साधारण १०० ते १२० किलो ओझे. तांड्यात शेकडो, कधी हजारो बैल असत. नाईक पुढे, बायका-मुले, कुत्री सगळी सोबत. दिवसाची मजल लहान, कारण बैलांना चरायला वेळ हवा. लष्करांचेही यांच्यावाचून चालत नसे. १८०३ च्या लढायांत इंग्रज फौजेला धान्य पुरवण्यात तांड्यांचा मोठा वाटा होता.

त्यांना आधी गाडीरस्त्याने आणि मग रेल्वेने मागे सारले. लांब पल्ल्याचे मीठ-धान्य रेल्वेने खेचून घेतले. उरले ते आडवळणाचे घाट. तिथे तांडे शतकाच्या अखेरीपर्यंत चालू राहिले. बाकीचे शेतमजुरी, खडी फोडणे, गुरांचा व्यापार अशा कामांकडे वळले, आणि काही ठिकाणी सरकारने त्यांना गुन्हेगार जमातींच्या यादीत टाकले. ज्यांच्या भरवशावर फौजा चालल्या, त्यांच्यावर दोन पिढ्यांत हजेरी लावायची वेळ आली.

४. पालखी, मेणा, डोली यांत फरक काय? आणि ‘डाक लावणे’ म्हणजे?

पालखीला वरून वाकलेला दांडा असतो आणि ती बरीचशी उघडी असते. मेणा म्हणजे बंद पेटीसारखा, सरकत्या दारांचा. आत आडवे होता येई, म्हणून लांबच्या प्रवासाला आणि पडदा पाळणाऱ्या बायकांना तो सोयीचा. डोली सगळ्यांत साधी: बांबूला टांगलेली झोळी किंवा खाटले. आजारी माणसे आणि घाट चढू न शकणारे म्हातारे तिच्यातून जात.

डाक लावणे म्हणजे वाटेवर ठरावीक टप्प्यांवर ताजे भोई आधीच उभे करून ठेवणे. आठ ते बारा भोई आळीपाळीने खांदा देत. रात्री मशालजी पुढे धावे. वेग तासाला तीन-चार मैल. ऐकायला कमी वाटतो, पण रात्रंदिवस न थांबता गेल्यास पायी माणसाच्या तीन मजला एका दिवसात निघत. खर्च अर्थातच अफाट. हा प्रवास गोरे अधिकारी, सरदार आणि मोठे सावकार यांचा.

५. रात्री उतरायचे कुठे? जेवणाचे काय?

धर्मशाळेत, देवळाच्या ओवरीत, मठात किंवा झाडाखाली. अहिल्याबाई होळकरांनी बांधलेल्या धर्मशाळा आणि घाट उत्तरेच्या वाटेवर उपयोगी पडत. बोरघाटाच्या पायथ्याशी खोपोलीला नाना फडणविसांनी बांधलेले तळे आणि महादेवाचे देऊळ हा घाट चढण्याआधीचा नेहमीचा मुक्काम होता. गोऱ्या साहेबांसाठी डाकबंगले वेगळे.

शिजवलेले अन्न विकत घेऊन खाणे सोवळ्याच्या घरांत चालत नसे. त्यामुळे शिधा, एखादे पातेले आणि तांब्या बरोबर घेऊन तीन दगडांची चूल मांडायची. दशम्या, सातूचे पीठ, चटणी, गूळ-दाणे हा वाटेतला आधार. जातीमुळे प्रत्येकाला विहिरीवर पाणी मिळेच असे नाही. प्रवासवर्णनांत हे फारसे येत नाही, कारण ती लिहिणारे बहुतेक पाणी मिळणाऱ्यांपैकीच होते.

६. पूल नसताना नद्या कशा ओलांडत?

उन्हाळ्यात उतारातून, म्हणजे पाणी उथळ असे तिथून, चालत. पावसाळ्यात तरीने, म्हणजे पलीकडे नेणाऱ्या नावेने. ठरावीक जागी नावाडी असत आणि तरीचा मक्ता दिला जाई. कृष्णेवर कातड्याने मढवलेली, टोपलीसारखी गोल हरिगोल चाले. लहान नद्यांवर सुके भोपळे बांधून केलेली सांगड. गुरे पोहत नेत. पूर उतरेपर्यंत दोन्ही काठांवर माणसे चार-चार दिवस पडून राहत.

७. म्हणजे पावसाळ्यात सगळे ठप्पच?

जवळजवळ. जूनपासून नारळी पौर्णिमेपर्यंत समुद्र बंद, घाट निसरडे, नद्या भरलेल्या. लग्ने, यात्रा, व्यापार, लढाया हे सगळे दसऱ्यानंतरच्या आठ महिन्यांत बसवलेले असे. जुनी पत्रे वाचताना आधी महिना पाहावा. जुलैत ‘निघतो आहे’ असे कोणी लिहिले असेल, तर काहीतरी तातडीचे घडले आहे असे समजा.

एक मोठा अपवाद आषाढी वारीचा. वारकरी ऐन पावसात निघत, आजही निघतात. पण तो रस्ता घाटमाथ्याच्या पूर्वेचा, कमी पावसाचा आहे.

८. कोकणातली माणसे मुंबईला कशी यायची? बोट कधी सुरू झाली?

शिडाच्या गलबतांनी. मचवा, पडाव, शिबाड, पत्तेमारी असे लहानमोठे प्रकार होते. तांडेल, म्हणजे गलबताचा प्रमुख, वारा आणि भरती बघून गलबत हाकारी. पहाटे जमिनीवरून सुटणाऱ्या मतलई वाऱ्याने बाहेर पडायचे आणि दुपारच्या खाऱ्या वाऱ्याने किनारा धरून पुढे सरकायचे. वारा पडला की वल्ही. रत्नागिरीहून मुंबई दोन दिवसांतही होई आणि आठ दिवसांतही. तांदूळ, नारळ, लाकूडफाटा, आंबे आणि माणसे एकाच गलबतात.

मुंबईत उतरायला चांगला धक्का नव्हता. लक्ष्मण हरिश्चंद्रजी अजिंक्य, म्हणजेच भाऊ, यांनी १८३५ नंतर भराव घालून तो बांधला. तोच भाऊचा धक्का. आजचा त्याच नावाचा धक्का दुसऱ्या जागी आहे, हे मुंबईकरांनाही पुष्कळदा माहीत नसते.

किनाऱ्याने नियमित आगबोटी शतकाच्या उत्तरार्धात धावू लागल्या. हर्णे, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, मालवण, वेंगुर्ला, पणजी असे थांबे. बोट समुद्रात उभी राही आणि माणसे पडावातून हिंदकळत धक्क्याला लागत. गिरण्यांतला चाकरमानी आणि त्याची मनिऑर्डर (प्रश्न १५) हे जग या बोटींवर उभे राहिले. पावसाळ्यात मात्र तीही बंद. मग घाट चढून देशावर जायचे आणि तिकडून मुंबई गाठायची. १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात कराडला रेल्वे आल्यावर चिपळूण भागातल्या लोकांना कुंभार्ली घाटाने तो पर्याय जरा सुसह्य झाला.

९. पहिल्या रेल्वेबद्दल थोडक्यात सांगाल का?

१६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, ३४ किलोमीटर. १४ डबे, सुमारे ४०० निमंत्रित, २१ तोफांची सलामी. रेल्वेसाठी १८४० च्या दशकापासून खटपट करणाऱ्यांत जगन्नाथ शंकरशेट आणि जमशेटजी जीजीभाई होते. १८५४ मध्ये गाडी कल्याणला पोचली. एवढे बहुतेकांना ठाऊक असते. खरी गोष्ट पुढच्या दहा वर्षांची आहे, ती प्रश्न १० मध्ये.

१०. पुण्याला रेल्वे १८५८ ला आली की १८६३ ला? दोन्ही तारखा वाचायला मिळतात.

दोन्ही बरोबर आहेत, आणि सगळ्यांत जास्त चुका याच जागी होतात. मुंबईकडून लोहमार्ग १८५६ मध्ये खोपोलीपर्यंत, म्हणजे घाटाच्या पायथ्याशी आला. वरती खंडाळा ते पुणे हा तुकडा जून १८५८ मध्ये सुरू झाला. मधला घाट मोकळाच होता. पाच वर्षे उतारू खोपोलीला गाडीतून उतरत, मेणा, तट्टू, बैलगाडी किंवा स्वतःचे पाय वापरून घाट चढत आणि वर दुसऱ्या गाडीत बसत. माल दोनदा उतरायचा, दोनदा चढवायचा. १८६० साली ‘रेल्वेने पुण्याहून मुंबईला’ गेलेल्या तुमच्या पात्राने हा घाट उतरलेला असला पाहिजे. लेखकाने तो गाळला, तर प्रवासातला सगळ्यांत रंगतदार भागच गेला.

घाटातला मार्ग २१ एप्रिल १८६३ रोजी मुंबईचे गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या हस्ते खुला झाला. सुमारे १६ मैलांत १,८३१ फुटांची चढण, २५ बोगदे आणि आठ मोठे पूल. चढण काही ठिकाणी ३७ फुटांमागे एक फूट. एका जागी वळणच बसेना, म्हणून तिथे ‘रिव्हर्सिंग स्टेशन’ केले. गाडी आत शिरायची, इंजिन दुसऱ्या टोकाला लागायचे आणि गाडी उलट दिशेने पुढे निघायची. ही कसरत १९२९ पर्यंत चालली.

बांधकाम ऐन भरात असताना, १८६१ मध्ये, तिथे एका वेळी ४२,००० हून जास्त मजूर होते. मजुरी थकवल्यावरून १८५९ च्या सुरुवातीला दंगा झाला आणि आधीच्या कंत्राटदाराने काम सोडले. नवा कंत्राटदार सॉलोमन ट्रेडवेल इंग्लंडहून आला आणि काही दिवसांतच आजारी पडून वारला. त्याची बायको अ‍ॅलिस ट्रेडवेल हिने कंत्राट स्वतःकडे ठेवले आणि दोन अनुभवी इंजिनिअर नेमून काम तडीस नेले. पटकी, ताप, सुरुंग आणि दरडी यांनी मेलेल्या मजुरांची संख्या हजारोंत आहे. त्यांची नावे कुठल्याही फलकावर नाहीत.

थळघाट, म्हणजे कसारा ते इगतपुरी, १८६५ च्या सुरुवातीला सुरू झाला.

११. तिकीट किती होते? डब्यात जातीपातीचे काय व्हायचे?

सुरुवातीच्या दरांनी बोरीबंदर ते ठाणे पहिल्या वर्गाला २ रुपये १० आणे आणि तिसऱ्या वर्गाला ५ आणे ३ पै. म्हणजे तिसऱ्या वर्गासाठी मैलाला ३ पै. हे स्वस्त नव्हते. साध्या मजुराच्या दिवसभराच्या कमाईपेक्षा जास्तच. तरीही पायी जाण्यातले दिवस आणि शिधा हिशेबात धरला तर गाडी परवडत असे, आणि हा हिशेब लोकांनी फार लवकर केला. कंपनीची मदार मालावर आणि तिसऱ्या वर्गावर होती, गोऱ्या उतारूंवर नव्हे.

जातीनुसार डबे नव्हते, पैशानुसार होते. ‘धर्म बुडणार’ अशी ओरड झाली, पण तिकीट काढणाऱ्यांची रांग काही कमी झाली नाही. लोकांनी मधला मार्ग काढला: गाडीत शेजारी बसायचे, पण खायचे-प्यायचे नाही, आणि घरी गेल्यावर आंघोळ. स्टेशनांवर हिंदू आणि मुसलमानांसाठी पाणी देणारे वेगळे असत. बायकांसाठी वेगळा डबा किंवा कप्पा बऱ्याच गाड्यांना असे. तिसऱ्या वर्गात शौचकूप नव्हते. गाडी थांबली की लोक रुळांच्या कडेला पळत आणि शिट्टी झाली की धोतर सावरत परत.

१२. आजोबांच्या कागदांत ‘मद्रास टाइम’ असे लिहिले आहे. मुंबईत मद्रासची वेळ कशी?

शहराचे घड्याळ सूर्यावर चाले आणि गाडीचे मद्रासच्या वेधशाळेवर. सगळ्या देशातल्या गाड्यांना एकच वेळ हवी, म्हणून १८७० च्या सुमारापासून रेल्वेने मद्रासची वेळ धरली. ती मुंबईच्या वेळेपेक्षा साधारण अर्धा तास पुढे होती. घरच्या घड्याळात साडेनऊ वाजता निघालेल्या माणसाची दहाची गाडी तो पोचेपर्यंत सुटलेली असे. भारतीय प्रमाणवेळ १९०६ मध्ये आली, पण मुंबईत जुनी स्थानिक वेळ त्यानंतरही अनेक वर्षे जपली गेली. त्यामुळे एखाद्या घटनेची वेळ लिहिताना ती टपालाच्या कागदावरची आहे, गाडीच्या वेळापत्रकातली आहे की कुटुंबाच्या वहीतली, हे आधी पाहा.

१३. रेल्वे आल्यावर बैलगाडी संपली असेल ना?

उलट, गाड्या वाढल्या. स्टेशनपर्यंत माल आणणार कोण? लांब पल्ल्याचा गाडीवान गेला, पण गाव ते स्टेशन अशी ये-जा कित्येक पटींनी वाढली. पुरावा हवा असेल तर वऱ्हाडाकडे पाहा. तिथला कापूस पूर्वी बैलांच्या पाठीवरून ५०० मैलांवरच्या मिर्झापूरला गंगेकाठी जाई आणि तिथून नावेने कलकत्त्याला. वाटेत धूळ, पाऊस, चोरी. मुंबईकडे येणारी वाट जवळची, पण घाटांची. १८६७ मध्ये नागपूरपर्यंत रेल्वे पोचली आणि सगळा कापूस मुंबईकडे वळला. जलंब-खामगाव आणि बडनेरा-अमरावती हे छोटे फाटे केवळ कापसाच्या बाजारांसाठी टाकले गेले. हंगामात त्या बाजारांबाहेर बैलगाड्यांची जी रांग लागे, ती रेल्वेनेच निर्माण केलेली.

ज्या अमेरिकन यादवीने (१८६१-६५) मुंबईला कापसाचे सोन्याचे दिवस दाखवले, ती संपली तेव्हा रेल्वे नागपूरला पोचलीही नव्हती. ‘रेल्वेमुळे कापसाची तेजी आली’ हे वाक्य म्हणूनच अर्धेच खरे आहे.

१४. रेल्वे असूनही १८७६-७८ च्या दुष्काळात लोक का मेले?

रेल्वेने धान्य आणले, पण स्टेशनपर्यंत. पुढे बैल लागतात आणि बैल तर माणसांच्या आधी मेले होते. सोलापूरच्या वखारीत पोती आणि वीस कोसांवर उपाशी गाव, असे चित्र होते. दुसरी गोष्ट किमतीची. धान्य जिथे भाव जास्त तिथे जाते, आणि रेल्वेने ते जाणे सोपे केले. ज्याच्या हातात पैसाच नाही, त्याच्या गावाकडे ते येत नाही. सरकारने व्यापारात हात घालायचे नाकारले, हा दोष रेल्वेचा नव्हे. दौंड-मनमाड मार्ग नगर जिल्ह्यातून गेला तो १८७८ मध्ये, दुष्काळ ओसरताना.

१५. पत्र आणि पैसे कसे जात?

पत्र हरकाऱ्याच्या, म्हणजे पायी टपाल नेणाऱ्याच्या, खांद्यावरून, टप्प्याटप्प्याने. १८५४ पूर्वी दर अंतरावर ठरे आणि पैसे बहुधा पत्र घेणाऱ्याकडून वसूल होत, म्हणून लोक पाकिटावरच्या खुणांनी निरोप पाठवून पत्र नाकारण्याची युक्ती करत. १ ऑक्टोबर १८५४ पासून देशभर एकच दर: पाव तोळ्यापर्यंत अर्धा आणा. १८७९ मध्ये एका पैशाचे पोस्टकार्ड आले. कोकणातल्या घरांत जपून ठेवलेल्या पत्रांत त्यानंतर एकदम कार्डांचीच गर्दी दिसते.

पैसे हुंडीने जात. पुण्याच्या पेढीवर रक्कम भरायची आणि काशीच्या किंवा मुंबईच्या पेढीवर हुंडी वटवायची. नाणी प्रत्यक्ष नेणे धोक्याचे, म्हणून यात्रेकरूही हुंडी जवळ ठेवत. टपाल खात्याची मनिऑर्डर १८८० मध्ये सुरू झाली.

१६. आमचे खापरपणजोबा काशीला जाऊन आले असे घरात सांगतात. किती काळ लागला असेल?

साल कळले तर उत्तर देता येते. १८७० पूर्वी गेले असतील तर संघाबरोबर, पायी, जाऊन-येऊन आठ महिने ते वर्ष. निघताना घरच्यांचा कायमचा निरोप घेत आणि परतल्यावर मावंदे, म्हणजे यात्रा पार पडल्याचे जेवण, घालत. पेणजवळच्या वरसईचे विष्णुभट गोडसे १८५७ मध्ये असेच उत्तरेकडे निघाले, बंडाच्या धामधुमीत सापडले, आणि गंगेची कावड घेऊन घरी परतले.

मार्च १८७० मध्ये जबलपूरला मुंबई आणि कलकत्त्याकडचे लोहमार्ग जोडले गेले आणि काशी काही दिवसांवर आली. तरीही मोगलसराईला उतरून गंगा होडीने किंवा नावांच्या पुलाने ओलांडावी लागे. रेल्वेपूल १८८७ मध्ये झाला.

पंढरपूरला मात्र शतक संपेपर्यंत रेल्वे नव्हती. सोलापूर मार्गावर कुर्डुवाडीला उतरून पुढचे सुमारे ५० किलोमीटर गाडीने किंवा पायी.

१७. मुंबई शहरात काय चालायचे?

पालखी, शिग्राम (बंद घोडागाडी), रेकला (बैलांची हलकी गाडी) आणि पुढे व्हिक्टोरिया (उघडी घोडागाडी). माहीम ते वांद्रे पाण्यातून तरीने जावे लागे. जमशेटजी जीजीभाईंच्या पत्नी अवाबाई यांनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले, टोल घ्यायचा नाही अशी अट घातली आणि १८४५ मध्ये पूल खुला झाला. ती अट मला देणगीहून मोठी वाटते. घोड्यांची ट्राम ९ मे १८७४ रोजी कुलाबा-पायधुणी आणि बोरीबंदर-पायधुणी अशी सुरू झाली. ओढायला सुमारे ९०० घोडे होते. विजेची ट्राम १९०७ ची आहे, तेव्हा १८९५ च्या गोष्टीत ती घालू नका.

१८. परदेशी कसे जात? सुएझ कालव्यापूर्वी?

शिडाच्या जहाजाने आफ्रिकेला वळसा घालून चार ते सहा महिने. १८३० मध्ये मुंबईतच बांधलेली ‘ह्यू लिंडसे’ ही आगबोट मुंबईहून सुएझला गेली आणि जवळची वाट उघडली: सुएझपर्यंत बोट, पुढे उंटावरून किंवा गाडीतून वाळवंट, मग अलेक्झांड्रियाहून दुसरी बोट. नोव्हेंबर १८६९ मध्ये कालवा झाल्यावर लंडन सुमारे तीन आठवड्यांवर आले. मुंबईत तोवर जहाजांना लागायला बंदिस्त गोदी नव्हती. ससून डॉक १८७५ चे, प्रिन्सेस डॉक १८८० चे.

आनंदीबाई जोशी ७ एप्रिल १८८३ रोजी निघाल्या त्या मुंबईहून नव्हे, कलकत्त्याहून. ४ जूनला न्यूयॉर्कला पोचल्या. हा प्रश्न परीक्षेत चुकतो.

आपल्याकडे सगळे लक्ष विलायतेला जाणाऱ्यांकडे असते. १८३४ नंतर मुंबई बंदरातून करारावर मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेल्या रत्नागिरी-साताऱ्याकडच्या मजुरांना समुद्र ओलांडल्याचे प्रायश्चित्त कोणी विचारले नाही की निरोपसमारंभ केला नाही. त्यांचे वंशज तिथे आजही मराठी म्हणून ओळखले जातात.

१९. अमेरिकेहून मुंबईला बर्फ यायचा ही थाप आहे ना?

खरे आहे. १८३० च्या दशकापासून बोस्टनकडच्या गोठलेल्या तळ्यांचा बर्फ लाकडाच्या भुशात बांधून जहाजाने मुंबईला येई आणि त्यासाठी खास बर्फघर बांधले होते. चार महिन्यांच्या प्रवासात बराच वितळे, तरी धंदा फायद्याचा होता. कृत्रिम बर्फाचे कारखाने निघाल्यावर तो थांबला.

२०. १८९० च्या दशकात गोव्याहून मुंबईला रेल्वेने येता येत होते का? कोकण रेल्वे तर आत्ताची.

येता येत होते, पण कोकणातून नव्हे. मुरगाव बंदरापासून ब्रागांझा घाट चढून जाणारा मार्ग १८८० च्या दशकाच्या उत्तरार्धात सुरू झाला आणि कॅसलरॉकला सदर्न मराठा रेल्वेला मिळाला. तिथून लोंढा, बेळगाव, मिरज, पुणे. हा सगळा मार्ग मीटरगेज, म्हणजे अरुंद रुळांचा होता, म्हणून पुण्याला गाडी बदलून रुंद रुळांच्या ब्रॉडगेजने बोरघाट उतरायचा. कोल्हापूर १८९१ मध्ये मिरजेला जोडले गेले, तेव्हा कोल्हापूरकरांचीही हीच वाट. हद्दीवर जकातीची तपासणी असे. एवढा वळसा आणि गाडीबदल कशासाठी, म्हणून उघाडीच्या आठ महिन्यांत पणजी-मुंबई आगबोटच गोवेकरांना जवळची वाटे, आणि रेल्वे आठवे ती समुद्र बंद झाल्यावर.